दंतवैद्याच्या खुर्चीतलं विमान

माझ्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, घाण वाटत नाही. निदान तुम्हाआम्हाला जिची वाटते तिची तरी नाही. त्यांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे दोन खोल्यांची लॅब आहे, तिथे ते एकतीस वर्षं बसतात. पुढच्या दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे ठसे आत येतात. गुलाबी लगद्यात रुतलेले, ओले, आणि त्या माणसाने सकाळी काय खाल्लं याचा पुरावा बाळगून असलेले. भाऊजी तो पुरावा नळाखाली धुतात, ठशात प्लास्टर ओततात आणि ते सुकेपर्यंत शेजारचा बिस्किटाचा पुडा उघडतात. मी एकदा त्यांच्यासमोर बसून चहा घ्यायचा प्रयत्न केला होता. कप तसाच ठेवून घरी आलो.

असा हा माणूस एकाच बाबतीत नाजूक. विमान उतरवताना कोणी ‘मदत’ चालू केली की त्यांना खरोखर मळमळतं. चेहरा उतरतो, ओठ आत ओढले जातात, आणि ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहतात. मी हे अनेकदा पाहिलं आहे.

विमान अर्थातच खरं नाही. भाऊजींच्या घरातल्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, त्याला तीन जुने पडदे जोडलेले, आणि पडद्यांवर आभाळ. समोर विमानाचं हँडल, पायाशी दोन पेडल. ही पेडल मूळची दातांचं ड्रिल चालवायची. दवाखान्याने मोडीत काढली, भाऊजींनी घरी आणली. इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्यांवरच्या मुठी त्यांनी स्वतः घडवल्या, हिरडीसाठी वापरतात त्या गुलाबी ॲक्रिलिकच्या. इतक्या हुबेहूब की पहिल्यांदा हात लावणारा माणूस हात झटकतो. आणि बसायला वैमानिकाची म्हणून जी खुर्ची आहे ती दंतवैद्याची आहे. मान टेकायला उशी, हात टेकायला कठडे, पाठ हवी तेवढी मागे. तिच्यात एकच दोष. तिच्यात मागे रेललं की माणूस आपोआप तोंड उघडतो. मीही उघडलं होतं.

या खोलीत भाऊजी दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात नवशिक्यांना विमान उडवायला शिकवत. फुकट. कोणीही यावं. उडवणं त्यांच्या लेखी किरकोळ होतं. “वर जायला अक्कल लागत नाही,” ते म्हणायचे, “धूरसुद्धा जातो.” शिकायचं ते उतरवणं. धावपट्टी समोर धरायची, जोर हळूहळू कमी करायचा, आणि जमीन अगदी खाली आली की नाक किंचित उचलायचं आणि वाट पाहायची. या वाट पाहण्यात सगळे नापास व्हायचे. माणसाला तीन सेकंद काही न करता बसवत नाही. तो हँडल ढकलतो, ओढतो, काहीतरी दाबतो, आणि विमान नाकावर पडतं.

विमान टेकलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा येतो. टेकताना ते मिनिटाला किती फुटांच्या वेगाने खाली येत होतं, तो. दीडशेच्या आसपास म्हणजे उत्तम, तीनशे म्हणजे पाठ दुखेल, सहाशेच्या वर म्हणजे चाकं तुटली. भाऊजींकडे एक लांबट वही होती. तारीख, उतरवणारा कोण, आणि आकडा. आठ वर्षांच्या नोंदी, सगळ्या पेनाने. त्यातले बहुतेक आकडे वाचवत नाहीत.

आता ‘मदत’ म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. या खेळात नवशिक्यांसाठी एक सोय आहे. ती चालू केली की शेवटच्या क्षणी विमान स्वतःच नाक उचलतं आणि अलगद टेकतं. हँडल धरलेल्याला वाटतं आपणच उतरवलं. ताई, म्हणजे माझी बहीण, एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली होती, “अहो, लोक कंटाळून पळतात, दाबा ना ते बटण.” भाऊजी शांतपणे म्हणाले, “दुसऱ्याने चावून तोंडात घातलेला घास गिळशील का तू?” ताई म्हणाली, “जेवायच्या वेळी तरी असं बोलू नका.” पण तिने पुन्हा विषय काढला नाही.

नवशिके यायचे तेही बघण्यासारखे. एक चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. त्याला उतरण्यात रस नव्हता, दर रविवारी तो आपल्या घराचं छप्पर शोधत फिरायचा आणि सापडलं की आनंदाने त्यावर आपटायचा. दुसरा एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढून देणारा. त्याला आम्ही प्रवासवाला म्हणत असू. हा येताना वेफर्सची पिशवी आणायचा आणि उडता उडता खायचा. हँडलवर तेलाचे पाच ठसे, गुलाबी मुठीवर मीठ. एकदा खुर्चीच्या कठड्याखाली मला चघळलेला च्युइंगगम सापडला, अजून मऊ. मी तो न सापडल्यासारखं केलं. भाऊजींनी तो बोटाने काढला, न्याहाळला आणि म्हणाले, “डाव्या दाढेने चावतो. उजवीकडे किडलीय.” मग टाकून दिला.

तिसऱ्या टपालवाल्या बाई. टपाल छाटण्याच्या कामावरून निवृत्त, पासष्टीच्या, एकट्या. त्यांची खालची आणि वरची कवळी भाऊजींनीच केलेली. कवळी घ्यायला लॅबमध्ये आल्या तेव्हा भिंतीवर धावपट्टीचा नकाशा पाहिला आणि विचारलं, “हे कुणाचं तोंड?” तिथून सुरुवात. चौदा महिने येत होत्या. एकदाही उतरवता आलं नव्हतं. दर वेळी आपटल्यावर आकडा स्वतः मोठ्याने वाचायच्या, भाऊजी लिहायचे, आणि बाई म्हणायच्या, “पुढच्या रविवारी.”

हे असंच चाललं असतं, पण आमची आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले जिने बंद. मी राहतो चौथ्या मजल्यावर आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ताईचं घर तळमजल्यावर. मागच्या खोलीला वेगळं न्हाणीघर. कोणी कोणाला काही सांगायची गरज नव्हती. तरी आई हॉस्पिटलातल्या पलंगावरून म्हणाली, “जावईबापू, तुमच्या विमानाला अडचण होईल हो माझी.”

“विमानाला सगळं आभाळ मोकळं आहे,” भाऊजी म्हणाले. “तुम्ही या.”

बाहेर आल्यावर मला म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करायची. जागा मिळाली तर ठीक, नाहीतर सगळं सुटं करून भंगारात.” आवाज कवळीचं माप सांगताना असतो तसा होता. पण त्या दिवशी त्यांनी चालता चालता दोनदा किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून परत ठेवला.

जागा एकच दिसत होती. गल्लीच्या टोकाच्या वाचनालयाला वर एक खोली आहे. तिथे जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि एक मोडकी शिडी. भाऊजींनी अर्ज केला: खोली द्या, दर रविवारी नवशिक्यांचा वर्ग घेतो, सभासदांना मोफत. वाचनालयाचे चिटणीस हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. बोलण्याआधी ते घसा खाकरतात, आणि खाकरल्यावर जे हाती लागतं ते रुमालात घेऊन पाहतात. पाहिल्यावर घडी घालून खिशात. मी त्यांच्याशी आयुष्यात तीनदा बोललो असेन, तिन्ही वेळा मला रुमालच आठवतो.

चिटणीस म्हणाले, “कल्पना चांगली आहे. पण समिती म्हणते, आधी बघू. तीन नवशिके बसवा, तिघांनी विमान उतरवलं पाहिजे. कोणी आपटलं तर बरं दिसत नाही. वर्गात लहान मुलं येतील, त्यांचे आईवडील येतील. वाचनालयात अपघात शोभत नाहीत.”

“शिकणारा आपटतोच,” भाऊजी म्हणाले.

“आमच्याकडे नको,” चिटणीस म्हणाले. मग खाकरले.

रविवार ठरला. शनिवारी संध्याकाळी तिघांची तालीम घेतली. चष्मेवाला आपल्या छपरावर गेला. प्रवासवाल्याने धावपट्टी अर्धी सोडून नाक खाली घातलं, आठशे चाळीस, आणि म्हणाला, “या धावपट्टीत काहीतरी गडबड आहे.” बाई सर्वांत जवळ आल्या. नाक उचललं, एक सेकंद थांबल्या, दुसरा थांबल्या, आणि मग राहवलं नाही. सहाशे नव्वद. भाऊजींनी तिन्ही आकडे वहीत लिहिले आणि वही मिटली. आईसाठी आणलेला वॉकर तेव्हा आधीच येऊन दाराशी उभा होता, खोकं अजून फोडलं नव्हतं.

रविवारी सकाळी समिती आली. चिटणीस, आणि आणखी दोघं, ज्यांनी संपूर्ण वेळात फक्त बिस्किटं खाल्ली. चिटणिसांना आधी खुर्चीत बसवून दाखवलं. ते रेलले आणि त्यांनी तोंड उघडलं. भाऊजींनी सवयीने आत डोकावलं आणि त्यांची मान किंचित मागे गेली. त्यांच्याकडून मी हे पहिल्यांदाच पाहत होतो.

मग उड्डाणं सुरू झाली. वही भाऊजींनी माझ्याकडे दिली होती. पहिला चष्मेवाला. त्याने या वेळी छप्पर शोधलं नाही, समिती बसली होती म्हणून असेल. धावपट्टी समोर आली, विमान डगमगत खाली आलं, नाक उचललं गेलं, आणि टेकलं. आवाजसुद्धा नाही. कोपऱ्यात आकडा आला, एकशे बेचाळीस. चष्मेवाला स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. बिस्किटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, तोंडातलं न गिळता.

दुसरा प्रवासवाला. बोटं पँटला पुसून बसला, तरी हँडल चकाकलंच. तोही उतरला. एकशे एक्केचाळीस. “म्हटलं होतं ना,” तो म्हणाला, कोणाला ते कळलं नाही.

तिसऱ्या बाई. त्यांनीही उतरवलं. एकशे बेचाळीस. बाईंनी या खेपेला आकडा मोठ्याने वाचला नाही.

माझा धंदा मुद्रितं तपासण्याचा. तीच चूक दोनदा दिसली की मान आपोआप वर होते. या खोलीत आठ वर्षांत कुठल्याच दोन माणसांचे आकडे जुळले नव्हते. इथे सहा हात, तीन प्रकारची घाई, आणि एका फुटाचा फरक. मी वर पाहिलं. भाऊजी खिडकीपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. मी आकडे लिहिले. दुसरं काय करणार?

चिटणिसांनी भाऊजींचा हात हातात घेऊन हलवला, त्याच हाताने ज्याने नुकताच रुमाल खिशात ठेवला होता, आणि सांगितलं, “खोली तुमची. पुढच्या आठवड्यात गठ्ठे हलवतो.”

सगळे गेल्यावर भाऊजी मोरीपाशी गेले आणि हात धुऊ लागले. नखांचा ब्रश घेऊन, कोपरापर्यंत. एकतीस वर्षं ज्या हातांनी लोकांच्या लाळेत काम केलं आणि बिस्किटंही खाल्ली, ते हात. पाच मिनिटं झाली, नळ चालूच.

मी म्हणालो, “भाऊजी, आकडे.”

“हं.”

“ताईने केलं?”

“तिला ते सापडणार नाही. फार आत आहे. मी केलं.” नळ बंद केला. “सकाळी, दात घासता घासता. तोंडात ब्रश होता. एका हाताने केलं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.”

ताईने जेवायला हाक मारली. ते आले, ताटासमोर बसले, आणि उठले. ताट तसंच राहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही फारसं जेवण गेलं नाही, आणि त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. खोली आईसाठी हवी होती, म्हणजे थोडा घास माझ्याही तोंडात चावून आला होता.

दोन दिवसांनी सामान कसं हलवायचं ते ठरवायला मी लॅबमध्ये गेलो होतो. टपालवाल्या बाई आल्या. पिशवीतून रुमाल काढून टेबलावर पसरला, तोंडातून खालची कवळी काढली आणि त्यावर ठेवली. “डावीकडे टोचतेय. घासून द्या.”

भाऊजींनी भिंगातून पाहिलं, मशीन सुरू केलं. घासायच्या चाकाचा बारीक आवाज सुरू झाला.

बाई स्टुलावर बसल्या. “आता दात काढून बोलतेय, म्हणजे खोटं बोलायची सोय नाही. रविवारी मी विमान उतरवलं नाही.”

“उतरलं की,” भाऊजी म्हणाले. मान वर नाही.

“उतरलं. मी उतरवलं नाही. अडतीस वर्षं पत्रं छाटलीयत मी. पाकीट कुठल्या खणात गेलं ते डोळ्यांआधी हाताला कळायचं. रविवारी हात एकीकडे आणि विमान दुसरीकडे. लहानपणी आमचे वडील माझा हात धरून पाटीवर अक्षर काढून घ्यायचे आणि मग म्हणायचे, बघा किती छान काढलंय. तसं.”

चाक फिरत राहिलं. “मी मदत लावली होती,” भाऊजी म्हणाले.

“ठाऊक आहे.”

“कधी कळलं?”

“तुम्ही खिडकीशी गेलात तेव्हाच. एरवी मी उतरायला लागले की तुम्ही माझ्या मानेवर श्वास सोडत उभे असता. चौदा महिने सहन केलाय तो श्वास. रविवारी मान गार.”

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं. भाऊजींनी मशीन बंद केलं. कवळी नळाखाली धरली, झटकली आणि बाईंपुढे केली. बाईंनी ती घेतली पण तोंडात घातली नाही. उलटसुलट करून पाहिली.

“राग नाही हो मला,” त्या म्हणाल्या. “जागेचं कळलंय मला, तुमच्या सासूबाईंचंही. पण किळस आली. घरी जाऊन मी ही कवळी काढून तासभर वाटीत ठेवली. म्हटलं, हीसुद्धा त्यांनी अशीच केली असेल का, नुसती दिसायला बरी?”

भाऊजींना कोणी त्यांच्या कामाबद्दल असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. दंतवैद्यानेसुद्धा नाही. बाईंनी कवळी बसवली, जबडा दोनदा मिटून पाहिला, म्हणाल्या, “टोचत नाही,” आणि गेल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही चिटणिसांकडे गेलो. भाऊजींनी उभ्यानेच सांगितलं. रविवारी जे झालं ते खरं नव्हतं. विमानं तिघांनी उतरवली नाहीत, कॉम्प्युटरने उतरवली. आपणच तशी सोय करून ठेवली होती. माफ करा.

चिटणीस थांबले, पुढे काही आहे का ते पाहायला. मग म्हणाले, “बरं. मग?”

“मग म्हणजे, तुम्ही खोली त्यावर दिलीत.”

“आम्ही खोली विमानं उतरली म्हणून दिली. उतरली ना?”

“उतरली. त्यांनी उतरवली नाहीत.”

“अहो, पण बसले तेच होते ना खुर्चीत?”

“बसले होते.”

“मग झालं तर. आमचे दोन्ही सभासद फार खूश आहेत. तुम्ही ती जी काय सोय आहे ती कायम चालू ठेवा. उलट बरं. येईल त्याचं उतरेल, आईवडील टाळ्या वाजवतील. हवं तर असं लिहून घेऊ की सोय बंद करायची नाही.”

“ती चालू असली तर कोणी काही शिकत नाही.”

“शिकायचं कुणाला आहे?” चिटणीस अगदी मायेने म्हणाले. “रविवार सकाळ असते.”

आणि खाकरले. रुमाल निघाला. त्यात जे आलं ते त्यांनी नीट पाहिलं, घडी घातली. लोकांचे जबडे धुणारे भाऊजी वळले आणि खिडकीपाशी गेले. तिथूनच, बाहेर बघत, म्हणाले, “खोली नको.”

“जशी मर्जी,” चिटणीस म्हणाले. त्यांना वाईट वाटलं नाही. जराही नाही.

आई आली. मागच्या खोलीत आता पलंग आहे, वॉकर आहे, आणि भिंतीवर तीन पडद्यांच्या जागी तीन फिकट चौकोन. आई पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघते. “जावईबापू, विमान कुठे ठेवलंत?” तिने विचारलं. “तिथंच जवळ,” ते म्हणाले. दोन पडदे त्यांनी भंगारवाल्याला दिले. बाकीचं लॅबच्या मागच्या कोठीत नेलं, प्लास्टरच्या पोत्यांच्या आणि जुन्या साच्यांच्या मधे. दंतवैद्य म्हणाला, ठेवा, पण कोणी पेशंटला दिसता कामा नये. खुर्ची आत घ्यायला दार काढावं लागलं. आत बसलेल्याला दार लावल्याशिवाय पेडल दाबता येत नाहीत, आणि उभं राहायला एकाच माणसाची जागा. वर्ग संपला. आठ वर्षांचा रविवार संपला.

वाचनालयाची खोली रिकामी राहिली नाही. प्रवासवाल्याने अर्ज केला, स्वतःचा कॉम्प्युटर आणला, आणि आता दर रविवारी तिथे नवशिक्यांचा वर्ग भरतो. फार गर्दी असते. येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी विमान उतरवतो आणि त्याला चिटणिसांच्या सहीचं प्रमाणपत्र मिळतं. चष्मेवाल्याने आपलं दुकानात फ्रेम करून लावलं आहे. मी एकदा जिन्यापर्यंत जाऊन आलो. वरून टाळ्या ऐकू येत होत्या, कोणीतरी पायरीवर वेफर्सची रिकामी पिशवी टाकली होती, आणि तिच्या आत कोणीतरी थुंकलं होतं. तिथूनच परत आलो.

टपालवाल्या बाई कोठीत येतात. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारच्या सुट्टीत. भोवती फळ्यांवर तीसएक वर्षांचे प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले, सगळे बाईंच्या उतरण्याकडे दात विचकून बघत. सारं पांढऱ्या धुळीने माखलेलं. बाई बाहेर येतात तेव्हा केस अजून पांढरे झालेले असतात. पहिल्या सहा आठवड्यांत त्या प्रत्येक वेळी आपटल्या. वहीत मी पाहिलं, एक आकडा नऊशेच्या वर होता.

गेल्या शुक्रवारी मी भाऊजींचा डबा घेऊन गेलो होतो. दाराबाहेर उभा राहिलो. दाराच्या फटीतून पडदा दिसत होता, आणि बाईंच्या डोक्यामागे भाऊजींचं डोकं, मानेच्या फार जवळ. विमान धावपट्टीला तिरकं येत होतं. जमीन खाली आली. बाईंनी नाक उचललं. मग त्या थांबल्या. मी मनात मोजलं, एक, दोन. त्यांच्या हाताची शीर ताणलेली दिसली, पण हात हलला नाही. तीन. विमान धपकन टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, धावपट्टी सोडून गवतात गेलं आणि तिथे तिरकं उभं राहिलं. उभं राहिलं, एवढं खरं.

“पाचशे अठ्ठ्याऐंशी,” बाई मोठ्याने म्हणाल्या.

भाऊजींनी पोत्यावरची वही घेतली. आधी मागे गेले, त्या रविवारच्या पानापर्यंत. चष्मेवाल्याच्या, प्रवासवाल्याच्या आणि बाईंच्या नावावर एकेक रेघ मारली, आणि तिन्ही आकड्यांपुढे लिहिलं, मी, मी, मी. बाईंनी ते वाकून पाहिलं. मग भाऊजींनी पुढचं पान काढून आजची तारीख घातली.

“कसं होतं?” बाईंनी विचारलं.

“घाणेरडं,” भाऊजी म्हणाले. “चाकं मोडता मोडता राहिलीत. गवतातून बाहेर काढायला ट्रॅक्टर आणावा लागेल. इतक्या वर्षांत असं ओंगळ उतरणं मी पाहिलं नाही.”

“पण उतरवलं कोणी?”

“तुम्ही. दुसरं कोण असं उतरवेल?”

बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि त्यांचं तोंड उघडलं, ते खुर्चीमुळे की हसण्यामुळे, सांगता येणार नाही. भाऊजींनी सवयीने आत डोकावलं. या वेळी मान मागे गेली नाही.

“खालची व्यवस्थित बसलीय,” ते म्हणाले. मग डब्याची चौकशीही न करता पेन टोपणात घातलं. “पुन्हा एकदा. आणि चार मोजा, तीन नको.”